कोरडा शॉकअप

…थेंब पडत नव्हता. धक्के झेलणाऱ्या डाव्या शॉकअपच्या, त्या तेलभरल्या नळीच्या, बुडाशी काळपट, जाड लोंबत होता. आता पडेल, मग पडेल… आणि तो गाडीखाली वाकून त्या थेंबाची राखण करत होता. गाडी थोरल्या भावाची. दोन माणसांपुरती, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. दादा गेल्यावर एकोणीस वर्षं तिच्यावर ताडपत्री होती, महिन्यापूर्वी दादाच्या मुलीने ती ओढून काढली आणि म्हणाली, "काका, बाबांची गाडी मी चालवणार." चेपलेलं नाक ठोकून, रंगवून झालं होतं; उद्या चालवणार होती. शेजारी आईला बसवून.

मेकॅनिकने मागचे दोन्ही जुने शॉकअप उतरवून बाकावर ठेवले. शेजारी नव्या दोन जोड्या होत्याच.

"ही नरम. बसणाऱ्याला सुख. ही कडक. हाडं खिळखिळी होतील, पण वळणावर शेपूट हलणार नाही. बोला, कुठली घालू?"

शेपूट… दादा गेला त्या दिवशीही वळणावर गाडीचं शेपूटच आधी फिरलं होतं म्हणे, आणि मग कठडा. कडक घाला, एवढंच सांगायला तो आला होता. घरून निघताना घोकून आला होता.

"एक विचारू?" मेकॅनिकने फडक्याला हात पुसले. "उजवा मूळचा आहे, डावा मागाहून घातलाय. असा एकच बदलायचा, हे कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं?"

कुणाच्या! दादा असाच वाकला होता, 'दोन्ही बदलू का रे?' म्हणाला होता, आणि नुकताच ऑटोमोबाईलचा डिप्लोमा घेऊन आलेला हा शहाणा धाकटा… डावा तेलाने माखलेला, उजवा कोरडा ठणठणीत. त्याने उजव्यावरून बोट फिरवून ते स्वच्छ बोट दादाच्या नाकासमोर नाचवलं होतं. 'याला काय धाड भरलीय? एकच बदल.' दादा हसला होता. 'तू म्हणशील ते, पंडित.' त्यानंतर नवव्या दिवशी…

"पण उजवा कोरडा होता ना," तो म्हणाला.

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं, साहेब." मेकॅनिकने उजवा उभा धरला आणि दांडी एका बोटाने दाबली. ती सुळकन आत गेली. कशानेच अडवलं नाही. "तेलच संपलंय. मग गळणार काय, कपाळ? तो डावा गळतोय, म्हणजे निदान त्यात काही आहे तरी."

"उभ्या गाडीत… इतक्या वर्षांत संपलं असेल."

"छे! उभ्याने गळाला असता तर चिकट थर बसला असता धुळीचा. हा रस्त्यावरच्या पाण्याने धुऊन निघालाय. गाडी चालती होती तेव्हाच मेला होता हा."

त्याला बसावंसं वाटलं. बसायला फक्त गाडीच होती… तिच्यात नको. एकोणीस वर्षं वहिनी म्हणत आली, 'वेगाचं वेड नडलं त्यांना'. आल्यागेल्यासमोर म्हणाली, लेकीला भरवताना म्हणाली, आणि दर वेळी मी मान डोलावली. हो वहिनी. दादा ऐकायचाच नाही कुणाचं. अरे, ऐकलं होतं त्याने! माझं ऐकलं होतं.

"झालं का ठरवून?" पुतणी दारातून आत आली. हातात पॉलिशचं फडकं, गालावर लाल रंगाचा फराटा. दादासारखंच एका खांद्याने भिंतीला टेकून तिने बाकाकडे पाहिलं. "अय्या, जुने हेच का? काका, बाबा फार वेगात होते ना हो त्या दिवशी? आई सकाळपासून तेच ऐकवतेय मला."

मेकॅनिक फडकं झटकत राहिला. उजव्या शॉकअपची दांडी आत गेली होती ती गेलीच होती.

"कडक," तो म्हणाला. "नाही… थांब." बरोबर काय ते त्याला ठाऊक होतं, आणि तरी जीभ रेटत नव्हती. आपण ठामपणे बोललो की माणूस जातं, असं काहीतरी भलतंच त्याच्या मनात आलं आणि जाईना.

"मला त्यातलं कळत नाही," ती हसली. "तुम्ही म्हणाल ते."

त्याने कडक जोडीकडे बोट केलं. तेच बोट; स्वच्छ, कोरडं. पुतणी मोठ्या विश्वासाने त्याच्याकडे बघत होती.