उणे चाळीस

यंत्र उणे चाळीस दाखवत होतं. हवेत वाफ असेल किंवा नसेल, ती उणे कशी असेल? रिकाम्या डब्यातून कुणी चाळीस बिस्किटं काढून घेतली म्हणाला, तर आपण त्याला वेड्यात काढू.

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या चकतीवर प्लास्टिकचा थर चढवतात, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. गोंदाची, रंगाची वाफ लागली की तो फुगतो आणि आकडा चढतो. आठ वर्षं मी हेच करतोय.

माझी ताई बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवते. दोन महिने तिचं डोकं जड, बोटांना मुंग्या, आत्ताचं बोलणं आत्ता विसरते. तिला पॅकिंगच्या खोलीत बदली हवी होती आणि तिथे एकच जागा रिकामी होती. मुकादम म्हणायचा, कामचुकारपणाची नवी तऱ्हा. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

काल यंत्र तिच्या टेबलावर ठेवलं, सुरू केलं, नेहमीसारखं शून्याचं बटण दाबलं. दिवसभर शून्य, फार तर दोन-तीन. संध्याकाळी मीच तिला म्हणालो, "ताई, हवा स्वच्छ आहे. मनाचे खेळ आहेत सगळे." मुकादम मान डोलावत होता. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज दुपारी यंत्र परत न्यायला आलो, फाटकाबाहेर पडलो आणि हे उणे चाळीस. फुंकर मारली. झटकून पाहिलं. थर फाटला म्हणावं तर आकडा भरकटायला हवा. हा गुमान एका जागी बसलेला. आत गेलो, शून्य. बाहेर आलो, उणे चाळीस. चार फेऱ्या झाल्या.

"काही हरवलंय का साहेब?" वॉचमनने विचारलं.

"आकडा."

"आत शोधा मग. इथे मी सकाळीच झाडलंय."

पाचव्यांदा आत गेलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. शून्य धरताना आम्ही स्वच्छ हवेचं सिलिंडर जोडतो. ते जड, म्हणून काल आणलं नव्हतं. शून्य मी गोंदाच्या डब्याशेजारी धरलं, आणि यंत्राने त्या वाफेलाच स्वच्छ हवा मानलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तसाच ताईकडे गेलो. ती सोलवर ब्रश फिरवत होती.

"ताई, चूक माझी होती. इथे वाफ आहे, भरपूर आहे. पॅकिंगची जागा आत्ताच्या आत्ता माग."

"ती सकाळीच नको म्हणून सही करून दिली. नव्या मुलीला मिळाली. तू म्हणालास ना, हवा चांगली आहे."

तिने तो सोल चिकटवला, दुसरा घेतला आणि वर पाहिलं.

"अरे, तू कधी आलास?"