ओळख पटली

"तू जा आत, मी हितंच बसते," असं म्हणून जयवंती स्मृतिघराच्या पायरीवर बसली, ती उठायचं नाव घेईना.

कृष्णाबाईला राग आला. वालीवच्या कारखान्यात बॅगा शिवणाऱ्या जयवंतीला तिने आज खाडा करायला लावला होता. स्वतः वसईच्या बाजारातली भाजीची टोपली शेजारणीच्या हवाली करून आली होती. एवढं करून बाई दारापर्यंत आली आणि आता हटून बसली. पण पायरीवर बसलेल्या माणसाला हाताला धरून आत ओढता येत नाही, निदान अशा ठिकाणी तरी नाही. तिने चपला काढल्या आणि एकटीच आत गेली.

स्मृतिघर म्हणजे जेट्टीजवळचं सोसायटीचं जुनं भाताचं गोदाम. सात वर्षांपूर्वी गावच्या बायका पलीकडच्या गावी हळदीला गेल्या होत्या. रस्त्याने गेलं तर मोठा वळसा, म्हणून जाता-येता रेतीची होडी केली. येताना होडीत माणसं जास्त झाली, ऐन भरतीला खाडीच्या मध्यावर पाणी आत आलं आणि होडी कलंडली. पुरुष मंडळी नंतरच्या फेरीला येणार होती, त्यामुळे बुडाल्या त्या बहुतेक बायका आणि पोरी. धनेशची बायको त्यात गेली. धनेश गावच्या शाळेत शिक्षक. त्याने गावच्या मंडळाच्या मागे लागून हे गोदाम मिळवलं, चुना मारून घेतला, फोटो लावले. सुट्टीच्या दिवशी तो इथेच असतो. त्याने दुसरं लग्न करावं असं सगळे म्हणून म्हणून थकले.

गोदामाच्या मधोमध काळा दगड उभा केला होता आणि त्यावर नावं कोरली होती. सगळी होती, फक्त एक सोडून. जयवंतीची मुलगी स्वप्ना सापडलीच नाही आणि जयवंती तिचं नाव मेलेल्यांत घालू देत नव्हती. यंदा वर्षदिनाला कोणी मोठे पाहुणे येणार होते, तेव्हा मंडळाला दगड पुरा हवा होता. कारागीर संध्याकाळी येणार होता. जयवंतीची समजूत घालायचं काम कृष्णाबाईवर आलं, कारण तिचीही मुलगी त्याच होडीत होती. उन्नती. स्वप्नाच्याच वयाची, तिच्याच बांध्याची, दिवसभर तिच्याच बरोबर. फरक एवढाच की उन्नती चौथ्या दिवशी सापडली. तिला अग्नी मिळाला.

कृष्णाबाईला जयवंतीची दया यायची, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही. कोणी म्हणालं सुरतेला अशी एक मुलगी पाहिली, की ही सुरतेला. कोणी म्हणालं नाशिककडच्या आश्रमात एका मुलीला आपलं नाव आठवत नाही, की ही तिकडे. दर दिवाळीला स्वप्नाच्या मापाचा ड्रेस शिवून ठेवायची. सात वर्षांत मुलीचं माप बदललं असेल, असं बोलायची कोणाची छाती नव्हती.

"काकी, या," धनेश म्हणाला. "त्या नाही आल्या?"

येईल, असं कृष्णाबाई म्हणाली आणि भिंतीवरचे फोटो बघू लागली. होडीचं वल्हं होतं. गंजलेलं इंजिन होतं. एका फळीवर बांगड्या, पर्सा, लहान मुलाचा एक बूट. ती इथे पहिल्यांदाच येत होती. तिचा नवरा जयराम तर त्या दिवसापासून खाडीकडे फिरकलाही नव्हता. धनेशने सांगितलं की कोर्टातली केस संपली, तेव्हा पोलिसांनी इतकी वर्षं ठेवलेले कपडे परत दिले. उन्नतीचे कपडे घरी नकोत, तुम्हीच ठेवा, असं जयरामकाका म्हणाले, म्हणून ते काचेच्या पेटीत ठेवलेत. तुम्हाला बघवणार नसेल तर मी वर कापड टाकतो, असंही तो म्हणाला.

"नको. बघते."

पेटीत पिवळी साडी घडी करून ठेवली होती. हिरवे काठ काळपट पडले होते. हळदीला सगळ्या बायकांची साडी एकसारखी घ्यायची, ही या गावची हौस. बचत गटातल्या बायका महिनाभर आधी वसईच्या दुकानात जाऊन एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या साड्या उचलत. मग मांडवात नाचताना कोण कोणाची सून आणि कोण कोणाची लेक हे मागून ओळखू येत नसे, आणि त्यातच मजा वाटायची. घडीवर ब्लाउज ठेवला होता. खाली चिठ्ठी होती, 'कु. उन्नती जयराम'.

कृष्णाबाईने ब्लाउजकडे पाहिलं आणि ती काचेवर वाकली.

ब्लाउजला पुढून हुक होते.

उन्नतीने मागून हुकांचा ब्लाउज हवा म्हणून आठवडाभर डोकं खाल्लं होतं. कृष्णाबाई नाही म्हणत होती. गावातल्या सगळ्यांचे ब्लाउज जयवंतीच शिवायची, तिने परस्पर पोरीच्या मनासारखं शिवून दिलं. हळदीच्या दुपारी उन्नती आरशासमोर पाठमोरी उभी राहिली आणि हात मागे पुरेनात म्हणून तिने आईला हाक मारली. कृष्णाबाईने बडबड करत एकेक हुक लावला. त्या पोरीच्या पाठीला तिचा हात लागला तो शेवटचा. ही गोष्ट ती मरेपर्यंत विसरणार नव्हती.

मग हा ब्लाउज उन्नतीचा नव्हता. चौथ्या दिवशी सापडलेली मुलगी उन्नती नव्हती. तोवर दोघीच सापडायच्या राहिल्या होत्या, आणि आली होती एकच. बायकांनी बघू नये म्हणून जयराम एकटा सरकारी दवाखान्यात गेला. चार दिवस पाण्यात राहिलेला चेहरा चेहरा राहत नाही. त्याने साडी पाहिली, उंची पाहिली आणि म्हणाला, आमचीच. जयवंतीचा नवरा आधीच वारला होता, दीर जाईपर्यंत कागदावर सही झाली होती. ओळख पटली म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारलं नाही. घरी आणली ती पांढऱ्या कापडात बांधूनच.

बाहेर पायरीवर जयवंतीची पाठ दिसत होती.

गप्प बसावं, असं कृष्णाबाईला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. सात वर्षं तिच्याजवळ एवढंच होतं, की माझी पोर मला मिळाली, मी तिचं सगळं केलं, ती कुठे आहे हे मला ठाऊक आहे. ते आपल्या हाताने उचलून दुसरीला द्यायचं, आणि त्या बदल्यात तिची सुरत, तिचं नाशिक आपल्याकडे घ्यायचं. कोणाला कळणार होतं? धनेशला हुकांतलं काय कळतं? पण संध्याकाळी कारागीर येणार. जयवंती नाही म्हणणार आणि दिवाळीला पुन्हा ड्रेस शिवायला बसणार. कृष्णाबाईला स्वतःचाच धाक वाटला. आणखी थोडा वेळ उभी राहिले तर मी बोलणार नाही, हे तिला कळलं. ती तशीच बाहेर गेली.

"जयवंते, आत ये. दगडाचा नाय बोलत मी. तू शिवलेला एक कापड दाखवाचा हाय."

तिच्या आवाजात काहीतरी असणार. जयवंती उठली.

ती पेटीसमोर आली. मग तिने धनेशला काच उघडायला सांगितली. ब्लाउज हातात घेऊन तो उलटा केला आणि आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवत नेला. आपण शिवलेलं कापड बाई कशी पाहते तसंच ती पाहत होती, गिऱ्हाइकाने तक्रार आणल्यावर पाहावं तसं. काखेपाशी ती थांबली. तिथे एक तुकडा वेगळा जोडला होता.

"कापड कमी पडला व्हता," ती म्हणाली. "समद्यांचे कापून शेवटाला तिचा कापला. घरचीच पोर म्हनून."

धनेश एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. मग त्याला समजलं आणि तो भिंतीला टेकला.

जयवंती रडली नाही. ती खाली जमिनीवर बसली, ब्लाउज मांडीवर. कृष्णाबाईही तिच्याजवळ बसली.

"अग्नी कोनी दिला?"

"उन्नतीच्या बापान."

"तोंडात पानी?"

"मी घातला. कापडावरनंच. सोडू देत नव्हते."

"तू रडलीस?"

"लय रडले, जयवंते. दोघी तिघींनी धरला मना."

"बरा झाला," जयवंती म्हणाली. "मना वाटायचा, तिच्यासाठी कोन रडला बी नाय. मी बी नाय. मी रडायची नाय, अपशकून व्हईल म्हनून."

आणि मग ती रडू लागली. सात वर्षं थोपवलेलं रडणं ऐकायला बरं नसतं. धनेश दार लोटून बाहेर जाऊन उभा राहिला. कृष्णाबाईने तिला कुशीत घेतलं. तिला स्वतःला मात्र रडू येत नव्हतं. आपण नक्की कशासाठी रडायचं, पोर गेली म्हणून की सापडली नाही म्हणून, हेच तिला उमगत नव्हतं.

रडणं ओसरल्यावर धनेश आत आला. दगडावर स्वप्नाचं नाव घालायला जयवंतीने मान हलवून होकार दिला. मग त्याने हळूच विचारलं की पेटीतली चिठ्ठी बदलायला हवी ना, आणि मंडळालाही सांगायला हवं. त्याचं बरोबरच होतं. कृष्णाबाई जयवंतीकडे बघत राहिली. मागायचं ते तिच्या तोंडून निघेना, कारण मागायचा हक्क नव्हता.

जयवंतीने ब्लाउज सरळ केला, हुक लावले, बाह्या आत दुमडल्या.

"जयरामदादाला कळंल," ती म्हणाली. "त्याच्यानं नाय सोसायचा. चिठ्ठी ऱ्हाऊ दे, मास्तर. कोनाला सांगू बी नको."

आणि तिने तो ब्लाउज आपल्या हाताने उन्नतीच्या नावावर परत ठेवला.

कृष्णाबाई घरी पोचली तेव्हा जयराम जेवायचा थांबला होता. तिने भात, माशाचं कालवण वाढलं. झाली का कबूल, त्याने विचारलं. झाली, ती म्हणाली. सुटली बिचारी, म्हणून त्याने सुस्कारा सोडला. उन्नतीचे कपडे नीट ठेवलेत ना, हे त्याला ऐकायचं होतं. काचेत ठेवलेत, धूळ बसत नाही, असं तिने सांगितलं.

जयराम थोडा वेळ घास कालवत राहिला.

"मी गेलो, मी वळखला, म्हनून," तो म्हणाला. "नायतर आपली बी तिच्यासारखीच गत झाली असती. दारातच नजर."

"व्हय," कृष्णाबाई म्हणाली. "तुमी व्हता म्हनून."

मासा काट्याचा होता, त्याला हल्ली नीट दिसत नसे. तिने त्याच्या ताटातला तुकडा उचलला, काटे काढले आणि परत ठेवला. तो समाधानाने जेवला. दाराबाहेर कुठे तरी पाऊल वाजलं, तेव्हा तिने मान वर केली नाही. पण हात थांबला.