एकशे बारा गाणी

भद्रावतीच्या बसस्टँडमागे गुलाबचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ आणि टेप, मग रंगीत टीव्ही, आणि आता कॉम्प्युटर. काम बदलत गेलं तरी त्याचं रजिस्टर बदललं नव्हतं. डाव्या पानावर गिऱ्हाइकाचं म्हणणं, उजव्या पानावर मशीन उघडल्यावर निघालेली गोष्ट. डावीकडे ‘आपोआप बंद पडला’, उजवीकडे ‘आत चहा’. डावीकडे ‘कोणी हातही लावला नाही’, उजवीकडे ‘जावयाने लावला’. वीस वर्षांत दोन्ही पानं जुळली असं एकदाही झालं नव्हतं. माणसं लबाड असतात असं मात्र गुलाब म्हणत नसे. रोजचं केलेलं माणसाच्या हिशेबातच येत नाही, असं त्याचं म्हणणं.

२००९च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी रुखमाबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या, सडपातळ, आणि आपलं काम सांगायला लाजणाऱ्या.

“गुलाबभाऊ, डबा गाऊन नाई राह्यला जी.”

“कोनता डबा, बाई?”

“निकेशनं ठेवला थो. टीव्हीखालचा. गान्याचा.”

“काई केलं का त्याले?”

“काईच नाई. हातबी नाई लावला कोनं.”

गुलाबने डाव्या पानावर तेवढंच लिहिलं, पिशवी उचलली आणि त्यांच्यासोबत निघाला.

घर त्याला माहीत होतं. लटारूभाऊ सिंदेवाहीकडच्या एका तळ्याकाठच्या गावचे ढिवर. बाप जाळं टाकायचा. लटारूभाऊ ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले आणि तेहतीस वर्षं बारूद भरण्याच्या सेक्शनमध्ये राहिले. पण दिवाळी सरली की सुट्टी टाकून गावी जायचे, साडी नेसायचे आणि दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, नाचीचं काम करायचे. आवाज असा, की मंडईच्या जत्रेला आलेल्या बाया आपल्या पोरी मागे ओढून घेत आणि स्वतः पुढे सरकत. मुलाने, निकेशने, लहानपणापासून ती गाणी टेपवर भरली होती. पुढे तो पुण्याला कंपनीत लागला. दोन वर्षांमागच्या दिवाळीत तो दोन डिस्कचा एक डबा घेऊन आला आणि सगळ्या कॅसेटी त्यात उतरवल्या. एकशे बारा गाणी. कॉम्प्युटर नको, काही नको. डबा राउटरला जोडलेला, टीव्हीखालची छोटी डबी त्यातून गाणी ओढून घ्यायची, पडद्यावर नावं यायची, रिमोट दाबला की आवाज. शेजारपाजारचे बघायला आले होते.

तेव्हा ती हौस होती. गेल्या हिवाळ्यात लटारूभाऊंना लकवा मारला, आणि हौसेचं औषध झालं.

उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागला, बोलणं पार गेलं. पाणी हवं तर तांब्याकडे बघायचे. बायकोला हाक मारायला तोंड उघडायचे आणि नुसता वारा यायचा. पण नागपूरच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती: बोलणं डोक्यात एका जागी असतं आणि गाणं दुसऱ्या जागी, ती जागा शाबूत आहे. रोज गाऊ द्या. गाण्यातून एखादा शब्द बाहेर आला तर येईल. खंड मात्र पडू देऊ नका.

गुलाबने टीव्ही लावला. ‘सर्व्हर सापडला नाही.’ त्याने वायर पाहिली, उंदराने कुरतडली नव्हती. राउटरचे दिवे ठीक. मग लॅपटॉप जोडला आणि हसला. वीज जाऊन आली की राउटर डब्याला नवा नंबर देत होता, आणि छोटी डबी बिचारी जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसली होती. त्याने डब्याचा नंबर एकदाचा पक्का करून टाकला.

पडद्यावर नावं आली. रुखमाबाईंनी रिमोट दाबला. खुर्चीत मान टाकून बसलेल्या लटारूभाऊंनी मान वर केली. टेपवरचा तिशीतला लटारू गाऊ लागला, आणि खुर्चीतला म्हातारा त्याच्या मागे, अर्धा शब्द उशिरा, अख्खं कडवं गायला. गाणं संपल्यावर त्यांनी गुलाबकडे पाहून काही म्हणायचा प्रयत्न केला. पुन्हा नुसता वारा.

गुलाब उगाच पिशवी आवरत बसला.

पाचव्या दिवशी रुखमाबाई परत पायरीशी.

“हातबी नाई लावला?” गुलाबने विचारलं.

“तुमाले थट्टा सुचते. दोन दिवस झाले, हे टीव्हीसमोर बसतेत न् रडतेत.”

या वेळी डब्याचा दिवा नारिंगी होता. गुलाबने लॅपटॉपवर डब्याच्या आतलं पान उघडलं आणि त्याची थट्टा जिरली. दोन डिस्कपैकी एक बाद झाली होती. दुसरी वाचताना अडखळत होती. दोन्ही डिस्क पुन्हा एकसारख्या करायचं काम डबा आपलं आपण रोज सुरू करी, आणि रोज ते अर्ध्यावर मोडे. त्याने निकेशला फोन लावला.

“काका, टेन्शन नका घेऊ,” निकेश पुण्याहून म्हणाला. त्याचं बोलणं आता निम्मं तिकडचं झालं होतं. “दोन डिस्क त्यासाठीच आहेत. एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं.”

“बाबू, एकाच गाडीत दोघं भाऊ बसवले न् गाडी झाडाले ठोकली, तर दोघाईलेबी लागते. गानी अजून कुठी ठेवली का तू?”

“कॅसेट असतील ना. आईकडे.”

गुलाबने फोनवर हात ठेवून विचारलं. रुखमाबाई पदराच्या टोकाशी खेळू लागल्या.

“त्या पान्याले देल्या.”

“पान्याले?”

“निकेश म्हने, आता याइची गरज नाई. त्याच्यात गनपतीचं नमन होतं, देवीचं गानं होतं. कचऱ्यात कशा टाकू? देवाची वस्तू हाय. मंग गनपती शिरवाले गावी गेलो तवा पिशवीत भरल्या, हळद-कुंकू वाह्यलं न् तळ्यात सोडल्या.”

चाळीस वर्षांत त्यांच्या घरातून जे जे जुनं झालं, देवाचे फोटो, नवस फेडलेल्या परड्या, सासूची जपमाळ, ते ते त्याच तळ्यात गेलं होतं. ज्या पाण्याने पोटाला दिलं त्यालाच द्यायचं, ही ढिवरांची रीत. त्यात चूक शोधायची तर कोणाची शोधायची? निकेशला गुलाबने फक्त ‘कॅसेटी नाईत’ एवढं सांगितलं.

मग तो डब्याची नोंदवही वाचत बसला. डबा माणसांपेक्षा सरळ. आपलं काय झालं ते तारीखवार लिहून ठेवतो. ‘वीज अचानक गेली.’ पाच वाजून सात मिनिटं. दुसऱ्या दिवशी पाच वाजून दहा. तिसऱ्या दिवशी पाच वाजून पाच. महिनोन्महिने हेच. गुलाबच्या वॉर्डात आणि यांच्या वॉर्डात लोडशेडिंग एकाच वेळेला, सकाळी आणि दुपारी, आणि त्याआधी रोज डबा बटण दाबून नीट बंद केल्याची नोंद होती; निकेशने आईला तेवढं शिकवलं होतं. पाचला वीज कधी जात नाही. मधला एकच दिवस कोरा होता, ज्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत पाऊस थांबला नव्हता.

“बाई, पाच वाजता घरात काय होते?”

“काय होते? काईच नाई. आमी तळ्याच्या पाळीकडे फिराले जातो.”

“मी बसतो इथीच. तुमी आपलं रोजचं करा.”

पाचला लटारूभाऊ उठले. रुखमाबाईंनी त्यांना शर्ट चढवला, चपला पायाशी सरकवल्या. ते पाय ओढत दारापर्यंत गेले. तिथे भिंतीवर मेन स्विच होता. डावा हात वर गेला, खटका खाली आला, घरातला पंखा घरघरत थांबला, आणि टीव्हीखाली नारिंगी दिवा विझला. लटारूभाऊंनी मागे वळून एकदा पंख्याकडे पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं. मग उंबरा ओलांडला.

“बाई!” गुलाब ओरडला. “हे काय?”

“काय?”

“मेन पाडला ना त्याइनं!”

“थो तं रोजच पाडतेत,” रुखमाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. “क्वार्टरमंदी होतो तवापासून. घर सोडताना मेन पाडाचा न् दोनदा पाहाचं. सेक्शनमंदी नेमच होता तसा. एक जन इसरला होता म्हने यकदा...”

गुलाबने जीभ चावली. तेहतीस वर्षं ज्या सवयीने अख्खा सेक्शन रोज धडधाकट घरी पाठवला, त्याच सवयीने आठ महिने रोज त्यांचाच गळा थोडा थोडा आवळला होता. निकेशला हे ठाऊक असणार होतं. तोही याच खटक्याच्या आवाजात वाढला होता. म्हणूनच त्यालाही सुचलं नाही.

“उद्यापासून पाडू देऊ नोका,” तो म्हणाला. “डबा असा धाडकन बंद झाला का डिस्क मरते. तेच झालं.”

रुखमाबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. ते अंगणात उभे राहून त्यांची वाट बघत होते. चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान.

“गुलाबभाऊ, याइले पोराचं नाव येत नाई. भाकर कोन्या हातानं खावाची थे मी सांगतो. येवढं यकच काम हाय जे कोनं सांगतल्याबिगर करतेत. थे मी काहाडून घेऊ?”

गुलाबने डब्याच्या वायरी सोडल्या, डबा टॉवेलात गुंडाळला आणि म्हणाला, “न्या फिराले त्याइले. डबा मी दुकानात नेतो.”

दुकानात त्याने मोठ्या बॅटरीवर डिस्क लावली आणि एकेक गाणं बाहेर काढू लागला. घाई केली की डिस्क कटकट वाजे, मग थांबायचं, थंड होऊ द्यायची, पुन्हा पुढचं. बाकीची दुरुस्ती त्याने बाजूला सारली. एक मास्तर आपला कॉम्प्युटर मागायला आले आणि “तुमचं मशीन काऊन बंद पडलं थे आधी खरं सांगा” ऐकून परत गेले. पहिल्या दिवशी एकोणीस गाणी आली. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी डिस्क फिरायची थांबली, आणि मग काही केल्या फिरली नाही.

सदतीस पूर्ण. आणखी चार तुटकी. एकाहत्तर गेली.

पाचव्या दिवशी दुपारी तो डबा घेऊन गेला. आत नव्या डिस्क, आणि सगळ्या गाण्यांची एक नक्कल सीडीवर. डब्याला त्याने वेगळी छोटी बॅटरी जोडली: मेन पडला तरी डबा पाच मिनिटं जागा राहील, आपलं काम आवरेल आणि नीट झोपेल. लटारूभाऊंनी हव्या तेवढ्या वेळा खटका पाडावा.

रुखमाबाई मागच्या दारात विळीवर मासे साफ करत होत्या. गुलाबने त्यांना आकडा सांगितला. गोड करून सांगायचं त्याने रस्त्यात ठरवलं होतं, पण तिथे गेल्यावर जमलं नाही.

“एकाहत्तर,” त्या म्हणाल्या. पुढचा मासा विळीवर घेतला. मग म्हणाल्या, “लावा जी, जे हाय थे.”

निकेश फोनवर होता. त्याला ऐकायचं होतं. गुलाबने फोन टीव्हीजवळ ठेवला आणि यादीतलं पहिलंच गाणं लावलं. लटारूभाऊंनी मान वर केली.

*तळ्याच्या पाळीवर कोन उभी गा, पदर वल्ला काऊन गा...*

म्हातारा अर्धा शब्द मागे राहून गात होता. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं, आणि मध्येच आवाज तुटला. पडद्यावर नुसतं गोल फिरू लागलं. तुटक्या चारपैकी हे एक आहे हे गुलाबच्या लक्षात राहिलं नव्हतं. लटारूभाऊ तोंड उघडं ठेवून तसेच थांबले. पुढचा शब्द देणारा गेला होता. डोळ्यांत पाणी भरू लागलं. गुलाब रिमोट शोधायला लागला.

*कमळाले गेली, पाय घसरला...*

आवाज मागच्या दारातून आला. बारीक, सपाट, कसलाही नखरा नसलेला. रुखमाबाईंनी मान वर केली नव्हती. खवलं उडत होती.

*...घरी सांगजो नोको गा.*

लटारूभाऊंनी टीव्हीकडची मान फिरवली. सबंध अंग फिरवायला त्यांना वेळ लागला, पण फिरवलं.

“बाई, तुमाले येते हे?” गुलाबच्या तोंडून निघालं.

“येते म्हंजे? धानाच्या रोवन्यात आमी बाया म्हनो. याइले कोनं शिकवलं मंग? नाचीचं काम भेटलं तवा याइले गानं कुठी येत होतं? चुलीपाशी बसून मह्या मागं मागं म्हनत होते.”

“समदी येतेत?”

“समदी कशी येतीन? देवाची नाई येत. पन बायाइची येतेत.” त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते. “घरी सांगजो,” त्या म्हणाल्या, गाऊन नव्हे, बोलून.

लटारूभाऊंचे ओठ हलले. वारा आला. पुन्हा हलले.

“नोको,” ते म्हणाले. “गा.”

फोनमधून निकेशचा आवाज येत होता. “काका, कोनती फाईल वाजून राह्यली? आवाज कोनाचा हाय हा? काका?” पुण्याचं बोलणं कुठच्या कुठे गेलं होतं. गुलाबने फोन उचलून कानाला लावला. “थांब जरा बाबू,” एवढंच म्हणाला.

लटारूभाऊंनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. पहिल्यापासून.

“मासे कोन कापन मंग?” रुखमाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यापासून धरलं.