नामाले

दत्तराव नामाल्यांना आडनावांचा भारी नाद. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी बसला की त्याच्या आडनावाची पाळंमुळं खणल्याशिवाय ते पहिला घास घेत नसत. आपल्या आडनावाची गोष्ट तर त्यांनी अख्ख्या वालूरला पाठ करून ठेवली होती. आजोबांचं पंचक्रोशीत नाव झालं, नाम आलं, म्हणून नामाले. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला खोटं कोण पाडणार?

नात सुकेशनीच्या जात पडताळणीला जुना पुरावा लागला, तेव्हा ते तिला घेऊन मोठ्या तोऱ्यात परभणीला गेले. त्यांच्या वडिलांचं, सखारामांचं नाव निजामाच्या काळातल्या शाळेच्या रजिस्टरात सापडलं. नोंद उर्दूत होती. ती वाचून देणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि हळूच वाचलं, "सखाराम वल्द नामालूम."

"म्हणजे?" सुकेशनीनं विचारलं.

"म्हणजे सखाराम. बाप माहीत नाही."

निजाम गेल्यावर रजिस्टर मराठीत उतरवणाऱ्याला 'नामालूम' हेच आडनाव वाटलं असेल, पुढं घासून घासून त्याचं नामाले झालं, असं त्यांनी समजावलं. पुरावा चालेल, असंही म्हणाले. दत्तरावांच्या कानात काही शिरत नव्हतं. सत्तर वर्षं जे मिरवलं त्याचा अर्थ हा! परतताना एसटीत आजीबद्दल नको नको ते मनात येत होतं.

घरी त्यांची नव्वदीची आई, सरजाबाई, लसूण सोलत बसली होती. दत्तराव उंबऱ्यातच थांबले.

"माय, खरं सांग. माज्या आज्याचं नाव काय व्हतं?"

"मला काय ठावं? सासूनं कधी घेतलंच न्हाई."

मग लसूण सोलता सोलताच म्हातारीनं सगळं सांगितलं. सासू चारठाण्याकडची. नवरा कामाला म्हणून हैदराबादला गेला तो परत आलाच नाही. पोटुशी बाई एकटी वालूरला आली. इथं त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. पोराला शाळेत घातलं तेव्हा मास्तरनं बापाचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं कसं? ती पदर तोंडाला लावून गप्प उभी राहिली. मास्तरनं तीनदा विचारलं आणि मनानंच काहीतरी लिहून टाकलं.

दत्तराव थक्क होऊन ऐकत होते. "आन् बानं कधी इचारलं न्हाई?"

"लय इचारलं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी हुतंय, म्हनायची."

"पर त्यो तर कवाच मेला असंल की, माय."

"तिला कुठं तसं वाटत व्हतं?" सरजाबाईचे हात आता थांबले. "मरायला टेकली तवा मी तिच्या तोंडाला कान लावला. म्हनलं, आत्या, आता तरी सांगा. तर म्हनली, ऱ्हाऊ दे सरजे. असंल तितं जगू दे त्याला."

दत्तराव उंबरा ओलांडून आईजवळ येऊन बसले. एसटीत जे जे मनात आलं होतं त्यासाठी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी, असं त्यांना वाटलं.