ऐनवेळी सोडणारा

कीर्तनात बुवांच्या मागे उभं राहून धृपद झेलणाऱ्यांना झीलकरी म्हणतात. आमच्या बोरिवलीच्या दत्तमंदिरात अनुपमाताईंच्या मागे ती सेवा मी करते. देवाने आवाज बरा दिला आहे आणि कानही. कान जरा जास्तच.

तालमीनंतर मी चपला शोधत होते. जिन्याखाली आमचा पेटीवाला सिद्धेश फोनवर मित्राशी बोलत होता.

"नाही रे नितेश, ताईंना सांगणारच नाही. त्यांचा आवाज वर चढायला लागला की मी सोडणार. ऐनवेळी. आणि वसुधामावशींना तर मुळीच कळता कामा नये. कळलं तर त्या उभ्याच राहणार नाहीत."

वसुधामावशी म्हणजे मीच. एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी जागच्या जागी थिजले.

तापातून उठल्यापासून ताईंचा आवाज वरच्या पट्टीत फाटत होता. दत्तजयंतीचं कीर्तन त्यांच्या सासऱ्यांपासून त्यांच्या घरात चालत आलेलं. पण विश्वस्त हरेश्वरराव तोंडावर म्हणून गेले होते, "यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बघू." ताई तेव्हा नुसत्या हसल्या आणि घरी जाऊन रडल्या. आणि हा मुलगा ऐनवेळी सोडणार? कुणी फितवलं याला?

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवली. मरोळच्या कारखान्यातून सुटून तो तालमीला यायचा आणि कोपऱ्यात मोबाइल बघत गालात हसायचा. एकदा मी हळूच मागे जाऊन उभी राहिले.

"काय बघतोस रे?"

"बास्केटबॉल. या ना मावशी, बसा. ही सॅन अँटोनियोची टीम, दोन हजार चौदाची फायनल. माझं पारायणच चालू असतं हिचं."

बघितलं. ताडमाड माणसं, आणि चेंडू कुणाच्याच हातात ठरत नव्हता. ह्याने घेतला की त्याला दिला, त्याने बघितलाही नाही तोवर तिसऱ्याकडे. एकाच्या पुढ्यात टोपली मोकळी होती. तरी त्याने चेंडू कोपऱ्यातल्या माणसाला देऊन टाकला आणि त्या कोपऱ्यातल्याने तिथूनच तो अलगद टोपलीत घातला.

"ह्याला मोकळं होतं ना? मग दिला का?"

"त्याला अजून मोकळं होतं."

"एवढं सरळ कुणी असतं होय? सेटिंग असणार."

सिद्धेश खो खो हसला. "अहो मावशी, मोठ्या टीमची झकास गोष्ट हीच तर आहे! स्टार त्यांच्याकडेही असतात. पण दोघंतिघं अंगावर आले की स्टार बॉल सोडतो. आपला माणूस कुठे उभा आहे ते त्याला न बघता माहीत असतं. सगळे बॉलकडे बघत असतात ना, म्हणून कोपऱ्यातल्याकडे कुणाचं लक्षच नसतं."

"आणि ते बाकावर बसून टॉवेल उडवणारे?"

"तेही टीमच. कधी उठवतील नेम नाही. तयार बसायचं."

सोडतो! तो शब्द पुन्हा कानात टोचला. मनात म्हटलं, बाबा रे, ही शाळा शिकतोयस होय? थांब.

घरी जाऊन गोरेगावच्या भाच्याला, मिहिरला फोन लावला. तो भजनात पेटी वाजवतो. "दत्तजयंतीच्या कीर्तनाला पेटी घेऊन ये आणि पहिल्या रांगेत बस. सिद्धेश उठला तर मी मान हलवीन. लगेच वाजवायला लाग."

"काय राडा आहे का मावशी?"

"देवळात कसला राडा? ये तू."

दत्तजयंतीला देऊळ भरलं होतं. पूर्वरंग छान झाला. उत्तररंगात गजेंद्राचं आख्यान. मगरीने पाय धरला, कळप सोडून गेला, हत्ती एकटा उरला. माझी नजर सिद्धेशच्या पाठीवरून हलत नव्हती.

ताईंनी हाक घेतली, "धाव नारायणा..." आणि वरच्या षड्जाच्या तोंडाशी आवाज अडकला. त्याच क्षणी सिद्धेशची बोटं पट्ट्यांवरून उठली.

सोडली! मी मिहिरकडे वळणार, एवढ्यात दिसलं, सिद्धेशचा डावा हात भाता अजून ओढतोय. उजव्याचं एकच बोट एका पट्टीवर टेकलेलं, पेटीत एकच सूर उरलाय. तो सूर माझा होता. आणि सिद्धेश मान वळवून माझ्याकडे बघत होता. मला हनुवटीने खुणावत होता, घ्या!

सगळं देऊळ ताईंकडे बघत होतं. माझ्याकडे कुणीही नाही.

मी घेतला. जन्मात एकटीने कधी घेतला नव्हता, तो षड्ज घेतला आणि डोळे मिटून धरून ठेवला. ताईंनी तेवढ्यात श्वास भरला आणि खालच्या स्वरात अशा काही आल्या, की वाटावं, नारायण समोरच उभा आहे! पुढच्या बायका पदराने डोळे टिपू लागल्या.

फक्त एक घोटाळा झाला. गाताना माझी मान हलते, हे मी विसरले होते. मिहिरने पेटी सुरू केली. नशीब, पट्टी तीच निघाली. लोकांना वाटलं, असंच बसवलंय.

आरतीनंतर हरेश्वररावांनी ताईंच्या गळ्यात हार घातला. "पुढच्या वर्षीही तुम्हीच, ताई." ताईंनी तो हार काढून आमच्यासमोर ठेवला. कुणा एकापुढे नाही, सगळ्यांच्या मधोमध.

सिद्धेश मात्र मिहिरला न्याहाळत होता.

"मावशी, हा कोण?"

"भाचा माझा. मिहिर."

"पेटी घेऊन कीर्तन ऐकायला आला?"

"बाकावरचा आहे रे. कधी उठवतील नेम नाही, तूच म्हणालास ना?"

सिद्धेशने डोळे बारीक केले. "मावशी, त्या दिवशी मी जिन्याखाली फोनवर होतो, तेव्हा तिथे तुम्ही होतात का?"

"मी चपला शोधत होते."

"सापडल्या?" असं म्हणून तो माझ्या अनवाणी पायांकडे बघत गालात हसला.