जुना पिंप, नवा पिंप

लाँड्रीच्या कोपऱ्यात व्हिडिओ गेमचं मशीन एकच मावायचं, आणि त्या दुपारी तिथं दोन खेटून उभी होती. डावीकडं जुनं, मारामारीच्या गेमचा पहिला भाग. उजवीकडं दुसरा भाग, नवं कोरं, काचेवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. लाँड्रीवाल्या मावशींनी आधीच बजावलं होतं की टेम्पोवाला आला की यातलं एक जाणार, मग माझ्या नावानं बोंब मारायची नाही.

गल्लीतला प्लंबर जुन्या मशीनला पाठ लावून उभा राहिला. कारण काय, तर त्याचा धाकटा साडू. हा बायकोच्या बहिणीचा नवरा, बसड्रायव्हर, त्याला सगळ्यात मागं टाकायचा. घर आधी त्यानं बांधलं. सासूबाई ताट आधी त्याला वाढायच्या. पत्ते मांडले तर हुकूम त्याच्याच हातात. फक्त जुन्या मशीनवर त्याची डाळ शिजायची नाही. तिथं प्लंबर राजा. मशीन गेलं की राज्यही गेलं.

मावशींनीच तोड काढली. जुन्यावर कोण जिंकतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा तुम्ही नव्यावर लढा, जिंकेल तो सांगेल ते मशीन राहील.

साडू लगेच सुरू झाला. नव्यात पैलवान दुप्पट, माणूस बाजूला सरकतो, मागचा बाजारसुद्धा हलतो, जुन्यात काय तर भिंत आणि एक मेलेलं झाड. प्लंबर म्हणाला, झाड असू दे, जुन्यात ठोसा बसला की सिमेंटचं पोतं पडल्यासारखा आवाज येतो, तुझ्या नव्यात काडी मोडल्यासारखा. साडू म्हणे, कान तपासून घ्या. एवढं होईतो इस्त्रीला कपडे घेऊन आलेली माणसंही गठ्ठे खाली ठेवून भोवती जमली.

प्लंबरनं आपला नेहमीचा गडी निवडला. नाव काहीतरी परदेशी होतं, पण गल्लीत त्याच्या पोटावरून त्याला पिंपच म्हणायचे. पडद्यावर तो आला आणि प्लंबरचा चेहराच उतरला. पोट गेलं होतं. कमरेला पट्टा काय, केसांना तेल काय.

"अरे, उपाशी ठेवलाय माझ्या माणसाला," तो म्हणाला. "हा पिंप आहे का बादली?"

पहिला डाव हा हा म्हणता गेला. जुन्यात दांडा मागं ओढला की मार अडायचा. नव्यात अडवायला वेगळं बटण होतं. प्लंबरचा हात दांडा ओढायचा, पिंप ऐटीत मागं चालायचा आणि साडूची लाथ छातीत खायचा. साडू हसून हसून मशीनवरच टेकला.

दुसरा डाव. पिंपानं साडूच्या गड्याला कवेत घेतलं आणि वर फेकलं. जुन्या मशीनचं मिठीचं बटण ढिलं होतं, ते एकदा दाबून भागायचं नाही, लगेच बटणावर दुसरा गुद्दा घालावा लागायचा. प्लंबरनं सवयीनं इथंही घातला. आणि काय सांगायचं, पिंपानं उडी मारली, गड्याला हवेतच परत धरलं आणि डोक्यावर आपटलं. सगळी लाँड्री ओरडली, डाव प्लंबरचा झाला.

साडूचं हसू आटलं. हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि तो तर आठवडाभर दुसरीकडं जाऊन गुपचूप शिकून आला होता.

तिसऱ्या डावात प्लंबर घामानं निथळत होता. मिठी, गुद्दा. मिठी, गुद्दा. एकदा चुकून तीन गुद्दे पडले, तर पिंप गड्याला घेऊन भिंगरीसारखा फिरायला लागला आणि प्लंबर लहान पोरासारखा नाचायला. साडूचा गडी पडला तो उठलाच नाही.

बाहेर टेम्पो येऊन थांबला. मावशींनी विचारलं, कुठलं देऊ?

साडूनं तोंड उघडलं. "दादा, खरं सांगू का, जुनंच बरं होतं. तो ठोशाचा आवाज, ती भिंत..."

"जुनं घेऊन जा," प्लंबर म्हणाला. पडद्यावरची नजर त्यानं काढली नाही.

मावशी म्हणाल्या, अहो, त्याच्यावर तर तुम्ही राजे होता.

"होतो की. पण हा गडी चार गुद्द्यांना काय करतो, ते कुठं बघितलंय अजून?" त्यानं साडूचा हात धरून त्याला परत मशीनसमोर ओढलं. "उभा रहा, हलू नकोस. बघू दे."