मागचा डिफरन्शियल

कौस्तुभची गाडी उत्तम चालत होती, हेच तिचं दुर्दैव. जपानहून आलेली, चारही चाकांना ताकद देणारी जुनी टर्बो सेडान. गुरुग्रामच्या सोसायटीतून सायबर सिटीतल्या ऑफिसपर्यंत ती रोज दुसऱ्या गिअरमध्ये जायची, कारण त्या रस्त्यावर तिसरा टाकायची वेळच येत नाही. अशा गाडीत आणखी काय सुधारायचं, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. कौस्तुभला पडला नाही. त्याला यतीन भेटला होता.

यतीन हा दिल्लीकडच्या मराठी गाडीवेड्यांच्या क्लबाचा गुरू. राहायला नोएडात. यूट्यूबवर त्याचं चॅनेल होतं आणि कुठलीही गाडी कंपनीने अर्धवटच सोडलेली असते, बाकीचं आपल्याला करायचं असतं, अशी त्याची ठाम समजूत होती. कौस्तुभच्या गाडीत त्याला दोष सापडला तो मधोमध. अशा गाडीत पुढची चाकं आणि मागची चाकं यांच्यामध्ये एक डिफरन्शियल असतो. वळताना पुढची आणि मागची चाकं सारख्या वेगाने फिरत नाहीत, तो फरक हा मधला डिफरन्शियल सोसतो. कौस्तुभच्या गाडीतला तो हे काम वर्षानुवर्षं मुकाट्याने करत होता. मुकाट्याने करतो हेच यतीनला खटकलं.

"यार, तुझ्या हातात कंट्रोलच नाहीये," तो म्हणाला. "इलेक्ट्रॉनिक बसव. सीटच्या बाजूला डायल. फिरवली की लॉक, फिरवली की सैल. बिल्कुल रॅलीसारखं."

डायल म्हटल्यावर कौस्तुभ विरघळला.

त्याच्या घरातच एक माणूस असा होता, ज्याला हे सगळं विचारता आलं असतं. त्याची बायको सुनयना मानेसरच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स तपासायची. यंत्रावर चढवून, तापवून, फुटेपर्यंत पिळायचे आणि कशाने फुटले ते सांगायचं, हीच तिची नोकरी. पण कौस्तुभ विचारायचा तो व्हॉट्सॲप ग्रुपला. "तुझं ते प्रॉडक्शनचं काम गं, हे परफॉर्मन्स आहे," असं तो अगदी प्रेमाने म्हणायचा. एकदा तिने सांगितलं होतं की नव्या ब्रेकचा पाइप टायरला घासतोय. त्याने ते ग्रुपवर टाकलं, यतीनने दुजोरा दिला, मग पाइप बदलला आणि आभार यतीनचे मानले. तेव्हापासून सुनयनाने गाडीबद्दल बोलणं सोडलं आणि हसायला सुरुवात केली. हसण्यात ती हळूहळू चांगलीच तरबेज झाली.

मायापुरीच्या एका गॅरेजमध्ये गाडी वर चढवली त्या रविवारी ती बरोबर गेली होती. नवा गिअरबॉक्स, त्याच्या पोटात तो विजेवरचा डिफरन्शियल, तारांचा एक गुंताडा आणि काळी डायल, असं सगळं टेबलावर मांडलं होतं. कौस्तुभ त्याभोवती बारशाला आल्यासारखा फिरत होता.

"वहिनी, जरा व्हिडिओ घ्याल?" यतीन म्हणाला. "माझे हात ग्रीसचे आहेत."

हात स्वच्छ होते. सुनयनाने फोन घेतला. व्हिडिओ घेता घेता तिची नजर गाडीच्या मागच्या बाजूला गेली. मागच्या चाकांचा डिफरन्शियलही बदललेला होता आणि त्यावरच्या पट्टीवर जो आकडा होता तो या गिअरबॉक्सच्या जोडीचा नव्हता.

"हा सेटबरोबरच आला का?" तिने विचारलं.

"सेटमधला क्रॅक होता. हा दुसऱ्या गाडीचा. रिअर डिफ इज रिअर डिफ, वहिनी. फिट बसला, बात खतम."

फिट बसला होता खरा. पण शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाक एकदा फिरतं, तो रेशो पुढच्या चाकांचा एक आणि मागच्यांचा दुसरा. अशी गाडी नाकासमोर सरळ चालली तरी पुढची चाकं एक म्हणणार आणि मागची भलतंच. मधला डिफरन्शियल सैल असेल तोवर हे भांडण पोटात घालेल. डायल फिरवून तो आवळला, की दोघं एकमेकांना पिळायला लागणार आणि काहीतरी फुटणार. सुनयनाला हे समजायला पट्टी वाचण्याइतकाच वेळ लागला.

"कसं वाटतंय? ठीक आहे ना सगळं?" कौस्तुभने विचारलं. डोळे डायलवर होते.

"अप्रतिम," सुनयना म्हणाली. "देवघरात ठेवा."

यतीन मोठ्याने हसला. त्याला ते कौतुक वाटलं. मॉलच्या पार्किंगमध्ये कधीतरी हा हौसेने डायल फिरवेल, खाडकन आवाज येईल आणि मग येईल विचारायला, असा तिने मनाशी हिशेब केला. त्या विचाराने तिला घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं.

पण कौस्तुभने डायल फिरवलीच नाही. शहरात सैल ठेवायची, पहिलं लॉक हायवेवर, कॅमेऱ्यासमोर, असं यतीनने फर्मान काढलं होतं. मुहूर्तही त्यानेच काढला. संक्रांतीला क्लब पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणार होता. भगवे झेंडे लावलेल्या टर्बो गाड्यांतून हुतात्म्यांना मानवंदना. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याची उपासमार झाली होती. या सैन्याचा पहिला मुक्काम मुर्थलच्या ढाब्यात, लोणी घातलेल्या पराठ्यांवर.

कौस्तुभच्या आई, कुमुद, त्या वेळी गुरुग्रामला आल्या होत्या. काला अंब बघायची त्यांची फार वर्षांची इच्छा. गाडीची मागची सीट कौस्तुभने वजन कमी करायला काढून टाकली होती, म्हणून त्यांना पुढे रेसिंगच्या खुर्चीत बसवून, दोन्ही खांद्यांवरून पट्टे आवळून बांधण्यात आलं. नऊवारीची हौस असलेली ती बाई पॅराशूटने उडी मारायला निघाल्यासारखी दिसत होती. सुनयना आपल्या छोट्या गाडीत तिळगुळाचे डबे घेऊन मागून निघाली. डायल सैल आहे, आई बसल्यात म्हणजे तो हळूच चालवेल, असं ती धुक्यात स्वतःला सांगत राहिली. मुर्थल येईपर्यंत त्या समोरच्या लाल दिव्यांवरून तिने नजर हलवली नाही.

ढाब्यावर सगळे कौस्तुभच्या गाडीला चिकटले. "आता पुढे फुल लॉक," यतीनने जाहीर केलं. "धुक्यात ग्रिप बघा कशी येते. मी बाजूला बसून शूट करतो."

सुनयनाने हातातला पराठा ठेवला.

"लॉक करू नकोस, कौस्तुभ. मागचा डिफरन्शियल चुकीच्या रेशोचा आहे. आवळलास तर गिअरबॉक्स फुटेल."

यतीन म्हणाला, "अच्छा! वहिनींना पण रेशो कळतात. पराठ्यात लोणी किती, तो रेशो सांगा आधी!"

सगळे हसले. कौस्तुभही हसला, मान खाली घालून, पण हसला.

कुमुदताई मात्र खुर्चीतून कशाबशा बाहेर आल्या होत्या, त्या थेट सुनयनाच्या गाडीत जाऊन बसल्या. गाडी हायवेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तू म्हणालीस ते खरं का गं?"

"हो, आई."

"कधी कळलं तुला?"

"बसवलं त्याच दिवशी."

कुमुदताई तिच्याकडे वळल्या. "म्हणजे मी इथवर त्यात बसून आले ते तुला माहीत असताना."

"डायल सैल होती. आणि मला कुणी नीट विचारलंही नाही."

"शेजारणीच्या घरात गॅसचा वास आला, तर तिने विचारायची वाट बघशील?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्यांना अक्कल नाही म्हणून ते गप्प बसले नाहीत. तुला आहे, तर तू गप्प."

सुनयनाने गाडीचा वेग वाढवला.

समालख्याच्या पुढे रस्त्यावर तेलाचा पट्टा दिसायला लागला. पुढे टायरच्या नागमोडी खुणा, आणि त्यांच्या शेवटी, उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या हातभर अलीकडे, मातीत आडवी झालेली कौस्तुभची गाडी. खालून धूर येत होता. गिअरबॉक्सचं कवच तडकलं होतं, त्यातलं तेल मागच्या टायरवर आलं आणि गाडी घसरली. कौस्तुभ रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. लागलं कुठेच नव्हतं, पण तोंड पांढरंफटक. यतीन फोनसमोर उभा राहून सांगत होता, "गाइज, जपानी कास्टिंग. मटीरियल फेल्युअर. कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं."

बाकीच्या गाड्या थांबल्या. कुणीतरी 'पानिपत झालं' हा विनोद केला, तो इतरांनी आळीपाळीने परत केला. मग स्मारकावरच्या ग्रुप फोटोची आठवण झाली. मानवंदना चुकून कशी चालेल? यतीन दुसऱ्याच्या गाडीत बसला आणि झेंडे फडकवत सगळे निघून गेले.

"तुला माहीत होतं," कौस्तुभ म्हणाला.

"हो."

"आणि तू व्हिडिओ काढत हसत होतीस."

"हो," सुनयना म्हणाली. एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. "तेव्हाच सांगायला हवं होतं. तू ऐकलं नसतंस, तरी."

कुमुदताईंनी पाण्याची बाटली मुलाच्या हातात दिली. "गाडी तुझी आहे, क्रेन येईपर्यंत तू थांब. मी काला अंब बघायला आलेय, ते बघणार."

दोघी गेल्या. स्मारकापाशी कुमुदताई चप्पल काढून हात जोडून उभ्या राहिल्या. क्लबवाल्यांचे पाच-सहा प्रकारचे फोटो चालले होते. त्या घोळक्यातला अनिश, नुकताच नोकरीला लागलेला, तसाच सेट मागवून बसला होता, हे सुनयनाला ढाब्यावर ऐकून माहीत होतं. ती सरळ त्याच्याकडे गेली.

"बसवायच्या आधी पुढचा आणि मागचा रेशो एकच आहे का ते बघ. पट्टीवर विश्वास ठेवू नकोस. गाडी उचलून शाफ्ट फिरव, चाक किती फिरतं ते मोज. जमलं नाही तर मला फोन कर."

"पण यतीनसर तर म्हणाले मटीरियल..."

"यतीनसर चूक सांगतायत," ती म्हणाली, यतीनला ऐकू जाईल इतक्या आवाजात. यतीनने गॉगल डोळ्यांवर चढवला. धुकं अजून विरलं नव्हतं.

क्रेन गाडी घेऊन गेली होती, म्हणून परतताना कौस्तुभ छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर डब्यांच्या शेजारी गुडघे दुमडून बसला. सोनिपत ओलांडलं. मग तो फोनवर टाइप करायला लागला.

"काय लिहितोस?" आईने विचारलं.

"ग्रुपवर. सगळे विचारतायत." त्याने घसा साफ केला. "फ्रेंड्स, ऑल सेफ. मटीरियल फेल्युअर. थँक्स यतीन फॉर..."

सुनयनाने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"असं लिही. मागचा डिफरन्शियल चुकीचा होता. बायकोने ढाब्यावर सांगितलं, आम्ही हसलो. आणि तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ती बोलली नाही, तेही लिही. माझं नाव घालून."

"सुनयना, यार, ते लोक काय म्हणतील?"

"तेच लोक, जे तुला रस्त्यावर सोडून फोटो काढायला गेले?"

बाजूने ट्रक गेला की छोटी गाडी हलायची. शेवटी कौस्तुभने लिहिलेलं सगळं पुसलं. दुसरं काही लिहिलं नाही. फोन खिशात टाकला आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

एवढंही त्याला जड गेलं, हे तिला दिसत होतं. तिला हसू येत होतं, ते तिने येऊ दिलं नाही. गिअर टाकून तिने गाडी रस्त्यावर घेतली.

"तो गिअरबॉक्स," थोड्या वेळाने मागून आवाज आला, "दुरुस्त होईल का गं?"

"नाही," सुनयना म्हणाली, आणि का होणार नाही ते सांगायला लागली.